दशपुते सरांचे मोजे

“सर, तुमचा एक मोजा लाल आणि एक हिरवा का आहे?”

विचारून टाकलं. अख्खी नववी ‘ब’ श्वास रोखून बसली. माझ्या डावीकडे अल्फियाने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं आणि उजवीकडे गायत्री वाकून सतरंजीचे दोरे मोजायला लागली, जणू शाळेने तिला त्याच कामासाठी आणलं होतं.

खरं तर दोष सरांचाच. “कुणाला काही शंका?” असं त्यांनीच विचारलं होतं. फळ संशोधन केंद्राच्या त्या हॉलमध्ये बूट-चपला बाहेर काढून यायचा नियम. आम्ही पोरी सतरंजीवर, डॉक्टर दशपुते समोर उभे. तासभर ते डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल बोलले आणि तासभर ते दोन मोजे बरोब्बर आमच्या डोळ्यांसमोरून येरझारा घालत राहिले. तेल्या कुणाच्या डोक्यात शिरला नाही. मोजे सगळ्यांच्या शिरले.

“हिंमत असेल तर विचार,” गायत्री कुजबुजली होती.

“ती कसली विचारते!” अल्फिया म्हणाली. “तिची ताई इथेच आहे ना. फाटेल तिची.”

बस. ‘कसली विचारते’ असं कुणी म्हटलं की माझा हात आपोआप वर जायचा. आठवीपर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा इतकं हळू ‘हजर’ म्हणायचे की निम्म्या वेळा माझी गैरहजेरी लागायची. मग नववीत गॅदरिंगच्या दिवशी सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीचा घसा बसला, मॅडमनी समोर दिसली म्हणून मला स्टेजवर ढकललं, आणि माईक हातात आल्यावर मी जी सुटले ती आज बारावीत आले तरी थांबलेली नाही.

सरांनी खाली पाहिलं. मग एक पाय उचलून पाहिलं. मग दुसरा.

“कुठे? दोन्ही चॉकलेटी आहेत की.”

हॉल फुटला. हसून हसून पोरी एकमेकींच्या मांडीवर पडल्या. सरांना आधी वाटलं, आपण काहीतरी विनोद केला, म्हणून तेही थोडे हसले. मग त्यांचं हसू हळूहळू विझलं.

“वाघ मॅडम, तुम्ही सांगा. कसे आहेत?”

आमच्या विज्ञानाच्या वाघ मॅडमनी आयुष्यात कुठल्याही साहेबाला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. त्यांनी मोज्यांकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं.

“छान आहेत, सर.”

सर बाहेर पडले. जाता जाता दाराजवळ उभ्या असलेल्या मुलीला म्हणाले, “हर्षाली, चार वाजता केबिनमध्ये. चॅप्टर घेऊन.”

ती हर्षाली म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. दशपुते सर तिच्या पीएचडीचे गाईड. तिच्या चेहऱ्याचा रंग मी साड्यांच्या दुकानात जन्मूनही सांगू शकले नसते.

---

वर्ग डाळिंबाची बाग बघायला गेला. मला ताईने दंडाला धरून कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

“तनू, सहलीला आलीस की माझा जीव घ्यायला?”

“अगं, पैज लागली होती.”

“पैज! आज चार वाजता माझ्या तीन वर्षांचा फैसला आहे. चॅप्टर दोनदा परत आलाय. ‘यात काही दम नाही, पुन्हा प्रयोग करा.’ आजही तसंच म्हणाले तर विषय बदलायचा. म्हणजे सगळं पहिल्यापासून. आणि बाबा काय म्हणालेत आठवतंय ना?”

आठवत होतं. सटाण्याला बसस्टँडमागे आमचं साड्यांचं दुकान आहे. बाबांनी गल्ल्यावर बसून जाहीर केलं होतं की हर्षालीचं यंदा मार्गी लागलं तर ठीक. नाही लागलं तर तिने घरी यायचं, आणि धाकटीने सायन्सचं नावसुद्धा काढायचं नाही. कॉमर्स घ्यायचं आणि काउंटर सांभाळायचं. “घरात एक प्रयोग पुरे,” हे त्यांचं वाक्य. म्हणजे ताई बुडाली की मीही बुडणार होते, आणि नावेला भोक मीच पाडून आले होते.

“काय आहे तरी काय त्या चॅप्टरमध्ये?” मी विचारलं.

ताईने चिडूनच एक कागद माझ्यापुढे आपटला. कागदभर बारीक बारीक चौकोन. शेकडो. गोधडीच जणू.

“झाडाला तेल्या झाला की त्याच्या आतली काही जनुकं जोरात कामाला लागतात, काही गप्प बसतात. एकेक आडवी ओळ म्हणजे एकेक जनुक, एकेक उभी ओळ म्हणजे एकेक झाड. वाढलं असेल तर लाल, घटलं असेल तर हिरवं.”

“आणि हे खाकी?”

“तिथे फरक आहे, पण तो खरा की योगायोग, सांगता येत नाही. बघ, मंगळवारी दुकानात चार गिऱ्हाइकं जास्त आली, तर मंगळवार चांगला म्हणायचा का?”

“बाबा म्हणतात.”

“बाबांचं सोड! एका मंगळवारवरून नाही म्हणता येत. पण वर्षभर बहुतेक प्रत्येक मंगळवारी जास्तच आली, तर? मग तो नुसता योगायोग असणं अवघड. तसं ज्या जनुकाबद्दल हिशेब करून खात्री पटते, त्यालाच रंग द्यायचा. बाकी सगळं खाकी. हजारो जनुकं तपासली की चार-दोन उगाचच उड्या मारतात, त्यांना रंग चढू द्यायचा नाही. त्यात माझा जीव गेलाय.”

“मग सर काय म्हणतात?”

“कागद हातात घेतात, इकडे फिरवतात, तिकडे फिरवतात, आणि म्हणतात, ‘सगळं सपाट आहे.’” ताईचा आवाज चिरकला. “सपाट कुठे आहे गं? हे एवढं लालभडक दिसतंय!”

मी कागद लांब धरला आणि डोळे अर्धे मिटले. ही दुकानातली सवय. नवीन माल आला की बाबा साडी हातभर लांब धरून डोळे किलकिले करतात. काठ अंगावर उठतो का बघायला. काठ वेगळ्या रंगाचा असला म्हणजे उठतोच असं नाही. दोन्ही रंग सारखेच गडद असले तर लांबून सगळं एकच पोतेरं दिसतं, आणि तसली साडी बाबा परत पाठवतात.

किलकिल्या डोळ्यांनी ताईची गोधडी पोतेरं झाली. लाल, हिरवं, खाकी, सगळं एकात एक.

“ताई,” मी म्हणाले, “मोजे.”

“मोज्यांचं नाव काढलंस तर मारीन.”

“अगं, त्यांना ते चॉकलेटी दिसत होते! दोन्ही! त्यांना हेही चॉकलेटीच दिसत असणार. आख्खा कागद!”

“वेडी आहेस का? वीस वर्षं ते झाडांची पानं बघतायत.”

“पिकलेलं डाळिंब कसं ओळखतात ते?”

“टिचकी मारून. कानाजवळ धरून…” ताई थांबली. “आणि पानावरचे डाग आम्हाला वर्णन करायला लावतात. ‘बघू नका, शब्दांत सांगा.’ आम्हाला वाटायचं शिस्त लावतायत.”

“आणि आधीच्या पोरांचे चॅप्टर कसे पास झाले?”

“तेव्हा आकड्यांचे तक्ते असायचे. तक्ते बघून समिती झोपते म्हणून सरांनीच नियम काढला, आकडे मागे टाका, एका पानावर एक चित्र द्या. हे रंग ठरवणारा मुलगा केव्हाच नोकरीला लागला. आणि पहिली मी सापडले.” ती मटकन खुर्चीत बसली. “पण हे सरांना सांगायचं कसं? सर, तुम्हाला दिसत नाही?”

“सांगायचंच कशाला? रंग बदल.”

“केंद्राचा फॉरमॅट आहे तो.”

“साडी तीच गं. फक्त काठ बदल!”

ताईने नखं खाल्ली. मग कीबोर्ड पुढे ओढला. “कुठले?”

या प्रश्नावर मला अख्ख्या महाराष्ट्रात कुणी हरवू शकलं नसतं. “लालच्या जागी केशरी. हिरव्याच्या जागी गडद निळा, चिंतामणी नको, त्याच्याहून खोल. आणि ते खाकी काढून टाक बाई, खाकीत पोलीस सोडून कुणी उठून दिसत नाही. पांढरं ठेव.”

“पांढरं?”

“जिथे खात्री नाही तिथे रंग कशाला उधळायचा?”

ताई माझ्याकडे जरा विचित्र बघत राहिली. मग तिने कॉम्प्युटरवर रंगांच्या नावांचे दोन-तीन शब्द बदलले, प्रिंटर खरखरला, आणि नवा कागद बाहेर आला. मी तो लांब धरून डोळे किलकिले केले. काठ असा उठला होता की बाबांनी त्या साडीला थेट शोकेसमध्ये लावलं असतं.

---

चार वाजता ताईने मला पुढे घातलं. “आधी माफी माग. मग एक अक्षर बोलू नकोस.”

सर टेबलामागे बसले होते. अनवाणी. टेबलावर, जिथे रोगट पानं ठेवायचा काचेचा ट्रे असतो, त्या ट्रेमध्ये ते दोन मोजे शेजारी शेजारी आडवे झोपवलेले. प्रत्येकाला एकेक चिठ्ठी चिकटवलेली. एकावर ‘अ’, एकावर ‘ब’.

“सर, सॉरी,” मी म्हणाले. “मी तसं विचारायला नको होतं.”

“बस. शिपायाने सांगितलं अ लाल, ब हिरवा. अकाउंटंट म्हणाले, साहेब, दोन्ही तुम्हाला शोभतात. एकाच्या सांगण्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. तू दुसरी साक्षीदार. अ कोणता?”

“लाल. म्हणजे आमसुली.”

“आणि ब?”

“शेवाळी.”

सरांनी चिठ्ठ्या काढल्या, मोजे पाठीमागे नेले, अदलाबदल केली, एक मूठ पुढे आणली. “हा?”

“शेवाळी.”

पुन्हा पाठीमागे. “हा?”

“शेवाळीच. तुम्ही बदललाच नाही.”

ताईने मला टेबलाखालून लाथ मारली. पण सर रंगात आले होते. ते खुर्चीसकट वळायचे, पाठीमागे खुडबुड करायचे आणि गर्रकन फिरून मोजा माझ्या नाकापुढे धरायचे. मी दरवेळी बरोबर. मग मोजे त्यांनी ताईच्या हातात दिले. “आता मला विचार.” बिचारी ताई! तीन वर्षं ज्यांच्यापुढे मान वर केली नाही, त्यांच्या नाकापुढे त्यांचाच मोजा धरून “सर, हा?” असं विचारत होती. सर निम्म्या वेळा बरोबर, निम्म्या वेळा चूक.

“हं,” ते शेवटी म्हणाले. “तुझं योगायोगाने होणं शक्य नाही. माझं मात्र अगदी नाणं उडवल्यासारखं आहे.” त्यांनी मोजे परत ट्रेमध्ये झोपवले. “मला लहानपणापासून रंगांत थोडी गडबड वाटते. पण थोडी. कपडे आमच्या सौ. काढून ठेवतात. त्या मुलीच्या बाळंतपणाला गेल्यात, म्हणून हा सगळा…” त्यांनी हात झटकला. “असो. हर्षाली, चॅप्टर.”

ताईने नवा कागद पुढे सरकवला.

सरांनी तो घेतला. नेहमीप्रमाणे फिरवायला म्हणून उचलला आणि उचललेला तसाच धरून ठेवला. मग चष्मा काढून पुसला. मग बोट ठेवून एक ओळ वाचली, दुसरी वाचली. मी ताईकडे पाहिलं. ताई जमिनीकडे बघत होती.

“हे काय आहे?” त्यांचा आवाज एकदम थंड झाला. “गेल्या महिन्यात इथे काही नव्हतं. दोनदा मी स्वतः पाहिलं, सपाट होतं. आज अचानक एवढा फरक उगवला कुठून? हर्षाली, चॅप्टर पास व्हावा असं मलाही वाटतं, पण असा नाही. आकडे कुठे बदललेस?”

ताईच्या तोंडातून शब्द फुटेना. तिचे डोळे भरले. चूक न करताही ती चोरासारखी दिसायला लागली, आणि मी तिची ताकीद मोडली.

“आकडा एकही बदलला नाही, सर! फक्त रंग बदललेत. जुन्या कागदावरही हेच आकडे आहेत!”

“तू गप्प बस. तुला काय कळतं यातलं?”

“काहीच कळत नाही. म्हणूनच माझ्यावर करा ना प्रयोग. मोज्यांसारखा!”

सर थांबले. प्रयोग म्हटलं की ते थांबायचेच, हे मला गेल्या दहा मिनिटांत कळलं होतं.

“ताईच्या फाईलमधला जुना कागद माझ्यापुढे ठेवा,” मी म्हणाले. “नवा तुमच्याकडे लपवून. तुम्ही जुन्यावर कुठेही बोट ठेवा, मी रंग सांगते. लाल म्हटलं की तुमच्याकडे केशरी निघालं पाहिजे. हिरवं म्हटलं की निळं. खाकीला पांढरं.”

“पाठ करून आली असशील.”

“सर, हे एवढे चौकोन? मला सतराचा पाढा अजून येत नाही.”

“नाही येत, सर,” ताई नाक ओढत म्हणाली. “खरंच नाही येत.”

सरांनी नवा कागद फाईलच्या आड उभा केला, अगदी परीक्षेत पेपर लपवणाऱ्या मुलासारखा, आणि जुन्या कागदावर पेन्सिलीचं टोक ठेवलं.

“लाल.”

ते फाईलआड डोकावले. दुसरीकडे टोक ठेवलं.

“खाकी. हे पण खाकी. हे हिरवं. लाल. लाल. हे लाल, पण आधीच्यापेक्षा गडद.”

“गडद?” त्यांनी फाईलआड पाहिलं, आणि मान इतकी हळू वर आली की मला वाटलं, चुकलं वाटतं. “गडद आहे,” ते म्हणाले.

मग त्यांनी मला फसवायला कोपऱ्यातला चौकोन दाखवला, कडेचा दाखवला, एकदा तर कागदाबाहेर पेन्सिल ठेवली. “हे टेबल आहे, सर,” मी म्हणाले. बाहेर वाघ मॅडम बससाठी माझ्या नावाने ओरडत होत्या. कुणी उठलं नाही. शेवटी सरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडले, तिथेच, मोज्यांच्या ट्रेजवळ.

“या ओळीतलं जनुक,” ते केशरी पट्ट्यावर बोट फिरवत म्हणाले, “तेल्या झाल्यावर प्रत्येक झाडात वाढलंय. प्रत्येक! अगं, हेच तर आपण शोधत होतो. एवढे दिवस हे ठेवलं कुठे होतंस?”

“तुमच्या टेबलावर, सर,” ताई म्हणाली.

सरांनी तो जुना कागद पुन्हा उचलून पाहिला. मग उठले, अनवाणीच कपाटापाशी गेले आणि कपाट उघडून आतल्या फायलींकडे बघत उभे राहिले.

“अजून कुणाचं काय काय परत पाठवलं असेल मी?” ते आमच्याकडे पाठ करूनच म्हणाले. “हर्षाली, सोमवारपासून हे सगळं पुन्हा बघायचंय. मला मदत करशील?”

“हो, सर.”

“आणि तुझ्यावर जो आरोप केला…” ते वळले. “तो मी मागे घेतो. चूक माझी होती. मी समितीला तसं लिहूनही देईन.” मग टेबलाशी येऊन त्यांनी चॅप्टरवर सही केली, इतकी दाबून की खालच्या कागदावरही उमटली. “आता जा. आणि ए, तुझं नाव काय?”

“तनिष्का बिरारी.”

“तनिष्का, जाताना जरा सांग. आज शर्ट कसा आहे माझा?”

मी शर्टाकडे पाहिलं. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की तो अजून दुखतो.

“छान आहे, सर,” मी म्हणाले.

---

दुकानात पोचले तेव्हा ताईचा फोन माझ्याआधी येऊन गेला होता. गल्ल्यावर पेढ्यांचा पुडा उघडा होता आणि बाबा, ज्यांना जनुक खातात की नेसतात हे माहीत नव्हतं, ते एका गिऱ्हाईक बाईंना सांगत होते, “थोरलीने डाळिंबाचं जनुक पकडलं. सापडत नव्हतं कुणाला.” त्या बाई बिचाऱ्या मान डोलवत होत्या. त्यांना अबोली रंगाची नऊवारी हवी होती.

“ये, ये!” आई म्हणाली. ती काउंटरमागे उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालत होती. “हर्षा सांगत होती, तू साहेबांना मोज्यांवरून बोललीस म्हणे?”

“बोलले नाही. विचारलं.”

“एक फटका देणार होते. पण तीच म्हणाली, देऊ नकोस.”

बाबांनी पेढा माझ्या तोंडात घातला. “तनू, मी शब्दाचा पक्का आहे. हर्षाचं मार्गी लागलं. आता तूही सायन्स घे. ताईच्याच हाताखाली लाग त्या केंद्रात. जवळचं आहे, सटाण्याहून येऊन-जाऊन करता येईल. रविवारी दुकान. सगळं बसतंय बघ व्यवस्थित.”

“हो ना,” आई म्हणाली. “दोघी बहिणी एकाच ठिकाणी. मला घोर नाही.”

सगळं ठरूनच गेलं होतं. पेढा तोंडात असेपर्यंत माझं पुढचं आयुष्य दुकान आणि डाळिंब यांच्यामध्ये नीट घडी घालून ठेवलं गेलं होतं. आठवीतली मी असते तर त्या घडीत गपगुमान बसले असते. मी पेढा गिळला. त्या बाईंना सांगितलं, “काकू, एक मिनिट, तुमची अबोली काढते,” आणि गल्ल्यासमोर येऊन उभी राहिले.

“बाबा, मला डाळिंब नको.”

“मग काय हवंय? सीताफळ?”

“आज सर ताईला चोर म्हणाले. ती खरी होती, तरी तिला बोलता येईना, कारण तिचं खरं कुणाला दिसतच नव्हतं. मला ते काम करायचंय. खरा फरक कुठला आणि योगायोग कुठला, ते हिशेबाने शोधायचं, आणि मग कुणालाही दिसेल असं दाखवायचं. त्याला संख्याशास्त्र म्हणतात. ताईला विचारून आलेय, पुण्याला शिकवतात.”

“गणित?” आई मटकन खाली बसायचीच बाकी राहिली. “तुला सतराचा पाढा येत नाही!”

“शिकेन.”

“आणि पुण्याला?” बाबांनी पेढ्यांचा पुडा हळूच मिटला. “एवढ्या लांब? अगं, जरा आम्हाला विचारशील की नाही?”

“नाही, बाबा,” मी म्हणाले. “दिवसभर विचारतच होते. आता सांगतेय. दहावीनंतर सायन्स, मग पुणे, आणि तिथे संख्याशास्त्र. ठरलं.”